दहा वर्षांचा आराखडा कुठून सुरू करायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. तीन मित्रांनी चार वर्षांपूर्वी जव्हार-मोखाड्यात काम सुरू केलं. त्यांची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आदिवासी शेतकऱ्यांकडून नागली (नाचणी) आणि वरई घेते आणि पीठ, बिस्किटं करून मुंबई-ठाण्यात विकते. जोडीला एक ट्रस्ट आहे. देशी बियाणं जपणं आणि बायकांना प्रशिक्षण देणं हे त्याचं काम. दळणाचं यंत्र कंपनीचं, पण ते बसवलंय ट्रस्टच्या जागेत. आता एक इम्पॅक्ट फंड, म्हणजे सामाजिक कामाच्या धंद्यांत पैसा गुंतवणारा फंड, शेअर घेऊन भागभांडवल द्यायला तयार आहे, एका मोठ्या कंपनीचा सीएसआर (सामाजिक जबाबदारी निधी) विभागही मदत करू म्हणतोय, आणि दोघांनाही ‘दहा वर्षांचा प्लॅन’ हवा आहे. तो लिहायचा कसा?

सामाजिक संस्थांचे हिशेब, घटना आणि विश्वस्त मंडळं यांच्याशी माझा बरीच वर्षं संबंध आहे. त्या अनुभवातून लिहितो. उत्तर लांब आहे.

फंडाला जे हवं आहे तो एक्सेलचा तक्ता. तुमचा सीए तो आठवड्यात करून देईल. तो द्या, पण त्यालाच आराखडा समजू नका. दहा वर्षांत तुम्ही घ्याल त्यातले बहुतेक निर्णय पुढे बदलता येतात. बिस्किटं खपली नाहीत तर लाडू कराल, ठाण्यातलं दुकान चाललं नाही तर बंद कराल. मोजके निर्णय मात्र एकदा घेतले की माघारी घेता येत नाहीत, किंवा घ्यायचे तर फार मोठी किंमत पडते. मालकी कोणाची, पैसा कोणत्या प्रकारचा, नाव आणि जागा कोणाच्या खात्यावर, आणि तुमच्यानंतर सही कोणाची. दीर्घ मुदतीचा आराखडा या निर्णयांसाठी असतो. आणि हे निर्णय घेण्याआधी आपण नेमकं कशासाठी निघालो आहोत ते एका वाक्यात लिहिता आलं पाहिजे.

तुमचं आजचं वाक्य ‘आदिवासी शेतकऱ्यांचं सक्षमीकरण’ असं आहे. त्यावरून एकही निर्णय घेता येत नाही. तुमच्या भागात दिवाळी झाली की काय होतं ते तुम्ही रोज बघता. अर्धा पाडा रिकामा होतो, माणसं मुलाबाळांसकट वसई-भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. मग वाक्य असं लिहा: दहा वर्षांनी आपल्या गावांतल्या इतक्या कुटुंबांना दिवाळीनंतर भट्टीवर जावं लागणार नाही. ‘इतक्या’च्या जागी आकडा तुम्ही घाला. या वाक्याने कामाचा पुढचा क्रम आपोआप ठरत जातो, म्हणून मी त्यावर इतका जोर देतोय.

बघा कसं. माणूस भट्टीवर जातो कारण त्याने उचल घेतलेली असते. पावसाळा सरत आला की घरातलं धान्य संपतं, हातात पैसा नसतो, आणि नेमक्या त्या वेळी भट्टीवाल्याचा मुकादम दारात येतो. तुमची कंपनी पैसे कधी देते? नागली कापून, झोडपून, वजन झाल्यावर, म्हणजे नोव्हेंबर-डिसेंबरात. तोपर्यंत उचल घेऊन खर्चही झालेली असते. तुम्ही किलोला चार रुपये जास्त दिलेत तरी ते कुटुंब जाणारच, कारण त्याने शब्द आणि अंगठा दोन्ही दिलेले असतात. भट्टी थांबवायची असेल तर पिकावरची आगाऊ रक्कम ऑगस्ट-सप्टेंबरात हातात पडली पाहिजे. म्हणजे तुमची खरी गरज खेळत्या भांडवलाची आहे, आणि तीही वर्षातले सहा महिने.

आता हिशेब मांडा. नागलीचा 2025-26 चा हमीभाव क्विंटलला 4,886 रुपये आहे. हजार क्विंटल माल हमीभावाने घ्यायचा तर जवळजवळ 49 लाख रुपये लागतात. सगळी रक्कम सहा महिने आधी, 12 टक्के व्याजाने उचलली असं धरलं तरी व्याज होतं तीन लाखांच्या आत. क्विंटलमागे तीनशेच्या आत, किलोला सुमारे तीन रुपये. आणि प्रत्यक्षात तुम्ही सगळी रक्कम आगाऊ देणार नाहीच, म्हणजे बोजा याहून कमी. किलोला तीन रुपयांसाठी तुम्ही कंपनीचा पाचवा हिस्सा कायमचा द्यायला निघाला आहात का, हा प्रश्न फंडाशी बोलण्याआधी तिघांनी एकमेकांना विचारा. भागभांडवल यंत्रांसाठी, गोदामासाठी, बाजारात नाव करण्यासाठी लागतं आणि तिथे ते घ्यावं. हंगामी खरेदीसाठी कर्जच योग्य. नाबार्डची उपकंपनी नॅबकिसान शेतकरी उत्पादक कंपन्यांना असं कर्ज देते. त्यासाठी उत्पादक कंपनी, म्हणजे शेतकरीच भागधारक असलेली कंपनी, लागते, आणि त्यातूनच मालकीचा विषय निघतो.

त्याआधी मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाबद्दल दोन शब्द. डॉ. गोविंदप्पा व्यंकटस्वामींनी सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर 1976 मध्ये 11 खाटांवर ते सुरू केलं. टाळता येणारं अंधत्व नाहीसं करायचं, हे त्यांचं एका ओळीचं वाक्य. पुढे मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत डोळ्यात लेन्स बसवायचं तंत्र आलं, पण आयात केलेली लेन्स शंभर डॉलरच्या आसपास पडायची, म्हणजे गरीब रुग्ण त्यातून वगळला जाणार. देणगीदार शोधून लेन्स विकत घेत राहणं हा एक मार्ग होता. त्यांनी 1992 मध्ये अरोलॅब उभारली, लेन्स स्वतः बनवली आणि किंमत दहा डॉलरच्या आसपास आणली. रुग्णालयाने कारखाना काढावा असं कोणत्याही पंचवार्षिक तक्त्यात आलं नसतं. ते आलं त्या एका वाक्यातून.

आता मालकी. यावर मी सगळ्यात जास्त वेळ घेणार आहे, कारण नवे संस्थापक नेमका हाच विषय ‘पुढे बघू’ म्हणून टाळतात.

ट्रस्टमध्ये गेलेली मालमत्ता पुन्हा कोणाची खासगी होत नाही. आपल्याकडे महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 लागू आहे. ट्रस्टची जमीन किंवा इमारत विकायची तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. कंपनीत गेलेली प्रत्येक गोष्ट मात्र विकली जाऊ शकते, कंपनी विकली की तिच्यासकट. म्हणून कोणती मालमत्ता कुठे ठेवायची याची एक यादी आजच करा. बियाणं बँक आणि जागा ट्रस्टकडे आहेत, ते बरोबर आहे. यंत्रं कंपनीकडे, तेही ठीक. राहिलं तुमचं नाव, म्हणजे ट्रेडमार्क. तो तुमच्यापैकी एकाच्या वैयक्तिक नावावर आहे. बहुतेक ठिकाणी असंच असतं, कारण अर्ज भरला त्या दिवशी जो हजर होता त्याचं नाव लागलं. तो कुठे न्यायचा याचा निर्णय या वर्षी करा, कारण दहा वर्षांनी तुमच्याकडची सगळ्यात किमती वस्तू कदाचित तीच असेल.

अमूलचं बघा. खेडा जिल्हा दूध उत्पादक संघ 1946 चा. पुढे गुजरातभरच्या संघांनी मिळून 1973 मध्ये विक्रीसाठी महासंघ काढला. तरी ‘अमूल’ हा ट्रेडमार्क खेडा संघाच्याच मालकीचा राहिला आणि महासंघ तो परवान्यावर वापरतो. विक्री करणारी संस्था वेगळी आणि नावाची मालकी उत्पादकांकडे, अशी ही रचना आहे. लिज्जतची तऱ्हा निराळी. 1959 मध्ये गिरगावात सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. तिथे काम करणारी प्रत्येक भगिनी सहमालक, आणि बाहेरून भांडवल घालून कोणी मालक होऊ शकत नाही. त्यामुळे पापड लाटणारीच्या हातून संस्था गेली नाही.

तुम्हाला बाहेरचं भांडवल हवं आहे, म्हणून तुमच्यासाठी नाशिकच्या सह्याद्री फार्म्सचा नमुना अभ्यासण्यासारखा आहे. दिंडोरी तालुक्यातल्या मोहाडीला विलास शिंदे आणि शेतकऱ्यांनी उभी केलेली ही उत्पादक कंपनी. कायद्याने उत्पादक कंपनीचे भागधारक फक्त उत्पादकच असू शकतात, त्यामुळे फंडाला तिथे शिरकाव नाही. त्यांनी प्रक्रिया आणि निर्यातीचं काम उपकंपनीत नेलं, आणि 2022 मध्ये युरोपातल्या गुंतवणूकदारांनी 310 कोटी रुपये घातले ते त्या उपकंपनीत. वर शेतकऱ्यांची कंपनी, खाली गुंतवणूकदारासह चालणारा धंदा. तुमचा आकार याच्या शतांशही नाही, पण रचना लहान असतानाच करता येते. दहा उत्पादक एकत्र आले की उत्पादक कंपनी नोंदवता येते. ती नोंदवा, पाच-सहा वर्षांत तिच्याकडे तुमच्या प्रायव्हेट लिमिटेडचे किती टक्के शेअर आणि कोणत्या भावाने जातील ते आत्ता करारात लिहा. फंड येण्याआधी. फंड आल्यावर प्रत्येक टक्क्याला त्यांची संमती लागेल.

ट्रस्ट आणि कंपनी यांच्यातली सीमारेषा हा मालकीचाच धाकटा भाऊ. विश्वस्त, त्यांचे नातेवाईक, किंवा त्यांचा 20 टक्के वा त्याहून जास्त हिस्सा असलेली कंपनी यांना ट्रस्टच्या पैशाचा किंवा मालमत्तेचा अवाजवी फायदा मिळाला तर ट्रस्टची आयकरातली सूट धोक्यात येते. तुमचं यंत्र ट्रस्टच्या जागेत फुकट बसलंय, आणि तुम्ही तिघंही दोन्हीकडे आहात. हा धोका आज कोणाला दिसत नाही. तो नोंदणीच्या नूतनीकरणाच्या वेळी दिसतो, तेव्हा मागच्या सगळ्या वर्षांचे ताळेबंद एकदम समोर येतात. बाजारभावाने भाडेकरार करा, 31 मार्चच्या आत. आणि निम्म्याहून अधिक विश्वस्त असे घ्या ज्यांचा कंपनीशी काही संबंध नाही.

सीएसआरचा पैसा जरूर घ्या, पण दहा वर्षांच्या आराखड्याचा पाया त्यावर घालू नका. नियमांनुसार चालू प्रकल्पाची मुदत सुरू झालेलं वर्ष सोडून फार तर तीन वर्षं. तुमच्या कॉर्पसमध्ये, म्हणजे कायम निधीत, दिलेली रक्कम 2021 पासून सीएसआर खर्च म्हणून धरलीच जात नाही. म्हणजे त्या पैशातून तुमची राखीव गंगाजळी कधीही तयार होणार नाही. आणखी एक गोष्ट. प्रशासकीय खर्चावरची पाच टक्क्यांची मर्यादा ही देणाऱ्या कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर प्रशासनावर आहे. ती अंमलबजावणी करणाऱ्या संस्थेच्या पगारांना आणि भाड्याला लावायचा आग्रह कोणी धरला तर नियम दाखवून नम्रपणे नाही म्हणा. हिशेबनीसाचा पगार निघत नाही असा प्रकल्प घेऊन संस्था आतून पोखरल्या जाताना मी पाहिल्या आहेत. बाहेरून त्यांचे वार्षिक अहवाल सुंदर दिसायचे.

राखीव निधी तुमच्या स्वतःच्या शिस्तीतूनच उभा राहील. ट्रस्टला उत्पन्नाच्या 85 टक्के रक्कम त्याच वर्षी उद्दिष्टांवर खर्च करावी लागते, 15 टक्के कोणत्याही अटीशिवाय बाजूला ठेवता येते. वर्षाला एक कोटी येत असतील तर 15 लाख. पाच वर्षं नेमाने ठेवले तर 75 लाख, म्हणजे 85 लाखांच्या वार्षिक खर्चाचे दहा महिने. अनुदान दहा महिने उशिरा आलं तरी तुम्ही प्रशिक्षिकांना घरी बसा म्हणणार नाही, एवढी ही ताकद आहे. बहुतेक संस्था हे 15 टक्के खर्चून टाकतात, कारण शिल्लक दाखवली तर देणगीदार म्हणेल की तुम्हाला गरज नाही. तसं म्हणणाऱ्या देणगीदाराला हाच हिशेब समोर ठेवून समजावा.

आता माणसं. तुम्ही तिघं महिन्याला 15 हजार घेता आणि प्रश्नात ते अभिमानाने लिहिलंय. तुमच्या निष्ठेबद्दल मला मनापासून आदर आहे. पण दहा वर्षांच्या आराखड्यात हा आकडा सगळ्यात घातक आहे. संस्थापकाचा पगार हा संस्थेतल्या सगळ्यांच्या पगाराची कमाल मर्यादा होऊन बसतो. तुम्ही 15 घेता म्हणून लेखापालाला 14 मिळतात, आणि 14 हजारांत राहणारा लेखापाल चांगला झाला की जातो. पुढे तुमच्या जागी कोणाला आणायचं झालं, नाशिकहून दोन मुलांसह एखादी अनुभवी बाई यायला तयार झाली, तर तिला काय देणार? तुमचं घर शेतीवर, बायकोच्या नोकरीवर किंवा वडिलांच्या पेन्शनवर चालतं. तिचं चालणार नाही. म्हणून पदाचा योग्य पगार ठरवा आणि तो ताळेबंदात दाखवा. घेऊन परत दान केलात तरी चालेल, पण पदाची किंमत कागदावर येऊ द्या. विश्वस्त प्रत्यक्ष काम करत असेल तर वाजवी मोबदला घेता येतो, फक्त ट्रस्ट डीडमध्ये, म्हणजे ट्रस्टच्या स्थापनेच्या दस्तात, तशी तरतूद हवी. तुमच्या डीडमध्ये ती आहे का ते बघा.

ग्रॅच्युइटीचं तर कोणी नावच काढत नाही. दहा किंवा अधिक माणसं असतील आणि पाच वर्षं सलग सेवा झाली असेल तर ती द्यावीच लागते. शेवटचा पगार 26 हजार आणि सेवा दहा वर्षं, तर रक्कम दीड लाख. अशी 20 माणसं म्हणजे 30 लाख. हे देणं आजपासून दरवर्षी वाढत जाणार आहे आणि तुमच्या तक्त्यात त्याची ओळसुद्धा नाही. एलआयसीची समूह ग्रॅच्युइटी योजना घ्या किंवा वेगळी ठेव करा, पण ओळ टाका.

आणि तुमच्यानंतर कोण? तिघंही चाळिशीच्या आतले आहात, म्हणून हा प्रश्न तुम्हाला दूरचा वाटतो. पण तो आज सोपा आहे आणि दहा वर्षांनी कठीण होणार आहे, कारण तेव्हा प्रत्येक नियम कोणत्या तरी एका माणसाला उद्देशून केल्यासारखा दिसेल. बांगलादेशातल्या ग्रामीण बँकेचे संस्थापक मुहम्मद युनूस यांना तिथल्या मध्यवर्ती बँकेने मार्च 2011 मध्ये तिच्या व्यवस्थापकीय संचालकपदावरून दूर केलं. वयाची मर्यादा 60 आणि ते 70 वर्षांचे, हे कारण दिलं गेलं. त्यामागे राजकारण होतं असं अनेकांचं मत आहे, मलाही तसंच वाटतं. पण संस्थापकाने स्वतःच्या जाण्याची तारीख स्वतः ठरवली नाही की ती दुसऱ्याच्या हातातलं हत्यार होते, हे तिथे दिसलं. अमूलमध्ये संस्थापक त्रिभुवनदास पटेलांनी 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला अध्यक्षपद आपणहून सोडलं. वर्गीस कुरियन मात्र महासंघाच्या अध्यक्षपदी 2006 पर्यंत राहिले आणि मतभेदांमध्ये बाहेर पडले. तरी संस्था डगमगली नाही, कारण गावोगावच्या दूध संस्था रोज सकाळ-संध्याकाळ दूध मोजून घेत होत्या आणि त्यासाठी त्यांना आणंदच्या कोणा एका माणसाची गरज नव्हती.

तुम्ही विश्वस्तांना पाच वर्षांची मुदत घाला, सलग दोन मुदतींनंतर खंड. तिघांची मुदत एकाच वर्षी संपणार नाही अशी बेतवा. आणि बदल झाला की चेंज रिपोर्ट 90 दिवसांच्या आत धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात दाखल करा. ही गोष्ट क्षुल्लक वाटते, पण महाराष्ट्रातल्या कितीतरी चांगल्या संस्था इथे अडकल्या आहेत. पीटीआरच्या (सार्वजनिक विश्वस्त नोंदवहीच्या) उताऱ्यावर दिवंगत विश्वस्तांची नावं, प्रत्यक्ष काम बघणाऱ्यांची नावंच नाहीत, मधले चार चेंज रिपोर्ट प्रलंबित, आणि म्हणून बँकेत सही बदलत नाही. अशा वेळी एखादा जुना विश्वस्त किंवा त्याचा मुलगा हक्क सांगायला आला तर काम एकीकडे राहतं आणि तारखा सुरू होतात.

लिहिताना तीन कागद करा. दहा वर्षांचा एक पानाचा: ते एक वाक्य, मालकीची रचना, कोण कधी पायउतार होणार. तीन वर्षांचा जरा तपशिलात. एका वर्षाचं अंदाजपत्रक पैशापर्यंत. पहिला कागद पाड्यावरच्या बैठकीत वाचून दाखवा आणि ती बैठक दिवाळीच्या आधी घ्या, नंतर घ्याल तर ज्यांच्यासाठी हे सगळं आहे तीच माणसं तिथे नसतील. बायकांना विचारा की भट्टीवर न जाता वर्ष काढायला घरात किती रुपये लागतील. तुमच्या ‘इतक्या’ कुटुंबांचा आकडा त्या उत्तरावरून येईल. दरवर्षी दोनच गोष्टी मोजा: किती घरं दिवाळीनंतर पाड्यावर राहिली, आणि ग्राहकाच्या एका रुपयातले किती पैसे नागली पिकवणारीला मिळाले. ‘लाभार्थी संख्या’ सीएसआरच्या अहवालासाठी ठेवा.

शेवटी फंड. त्यांचे लोक बहुधा चांगलेच असतील, पण फंडाला स्वतःचं आयुष्य असतं, साधारण आठ-दहा वर्षांचं, आणि त्याच्या आत शेअर विकून त्यांना त्यांच्या गुंतवणूकदारांचे पैसे परत करावेच लागतात. सूक्ष्म कर्ज देणारी हैदराबादची एसकेएस 1997 मध्ये स्वयंसेवी संस्था म्हणून सुरू झाली. वित्तकंपनी झाली तेव्हा सभासद बायकांचे ट्रस्ट तिचे भागधारक होते. मग मोठे गुंतवणूकदार आले, ऑगस्ट 2010 मध्ये शेअर बाजारात नोंदणी झाली, आणि ऑक्टोबरमध्ये आंध्र सरकारने सूक्ष्म कर्जांच्या जाचक वसुलीवरून अध्यादेश काढला. 2011 च्या नोव्हेंबरात संस्थापक विक्रम अकुला बाहेर पडले, 2016 मध्ये नाव बदललं, 2019 मध्ये ती इंडसइंड बँकेत विलीन झाली. एकेक पायरी आधीच्या पायरीतून निघत गेली.

म्हणून फंडाला तोंडी नव्हे, पत्राने विचारा: तुमचा फंड कोणत्या वर्षी संपतो, तेव्हा आमचे शेअर कोणाला विकाल, आणि आजवर तुम्ही कुठल्या कंपन्यांतून कसे बाहेर पडलात. त्या संस्थापकांचे फोन नंबर मागा आणि त्यांच्याशी बोला. भागधारक करारात दोन कलमं हवीत. फंड विकायला निघाला तर पहिला खरेदीचा हक्क शेतकऱ्यांच्या उत्पादक कंपनीचा, ठरलेल्या सूत्राने निघणाऱ्या भावाने, पैसे उभे करायला किमान 12 महिने. आणि पिकवणाऱ्याला द्यायच्या किमान भावाचं सूत्र बदलायचं तर उत्पादक कंपनीची लेखी संमती. कराराचा मसुदा फंडाच्या वकिलाकडून येईल. तुमचा वकील वेगळा ठेवा, ज्याने उत्पादक कंपन्यांचं काम केलं आहे असा, आणि त्याची फी गुंतवणुकीच्या या फेरीच्या खर्चात आत्ताच धरा.